चौथी नसलेल्या गावचा मंत्री

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे, चांदूर रेल्वे. पत्ता लिहिताना ‘रेल्वे’ राहून गेले की पत्र दुसऱ्या चांदुराची वारी करून आठ दिवसांनी घरी यायचे, हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी बडनेरा सोडून धामणगावच्या दिशेने धावू लागली की मध्ये आमचे स्टेशन लागते. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या इथे थांबत नाहीत. फलाटावरच्या माणसाच्या अंगावर धुळीचा लोट टाकून त्या निघून जातात. अशा गावाच्या वाट्याला मोठ्या माणसांच्या आठवणी फारशा येत नाहीत, आणि आल्याच तर त्या नीट जपून ठेवण्याची आपल्याला सवय नाही.

मागल्या हिवाळ्यात माझी पाचवीतली नात भाषण पाठ करीत ओसरीत येरझारा घालीत होती. २७ डिसेंबर जवळ आला होता. या दिवशी वऱ्हाडातल्या शाळाशाळांतून भाऊसाहेबांची, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती होते. तिच्या भाषणाचे पहिलेच वाक्य होते, ‘भाऊसाहेब हे स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री होते.’ मी म्हटले, ‘बेटा, पहिले नव्हते ते.’ ती थबकली. म्हणाली, ‘आबाजी, मॅडमनं लिहून देल्लं आहे.’ मॅडमच्या शब्दापुढे आबाजींचे काय चालणार? मी गप्प बसलो. पण ते वाक्य मनातून जाईना.

खरे म्हणजे १९४७ साली अन्न आणि शेती हे खाते राजेंद्रप्रसादांकडे होते. त्यांच्यामागून जयरामदास दौलतराम आले, मग कन्हैयालाल मुनशी आले. भाऊसाहेब केंद्रात आले ते १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, आणि १९६२पर्यंत दहा वर्षे शेतीचा कारभार त्यांनी पाहिला. त्या दहा वर्षांत अन्न व शेती या जोडखात्याचे कॅबिनेट मंत्री रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील असे बदलत गेले. शेतीचा भार मात्र भाऊसाहेबांच्या खांद्यावर राहिला. ‘पहिले’ म्हटल्याने त्यांची उंची वाढत नाही, आणि न म्हटल्याने ती कमीही होत नाही. मला खटकते ते वेगळेच. दिल्लीतल्या मोठ्या पदाचे नाव घेतले की आपले समाधान होते, आणि ज्या पाच वर्षांत हा माणूस घडला व ज्यांत त्याने आपल्या आजोबा-पणजोबांचे आयुष्य बदलायला हात घातला, ती पाच वर्षे भाषणातून गळून जातात. १९२८ ते १९३३. जिल्हा कौन्सिल आणि प्रांताचे कायदेमंडळ. आजच्या भाषेत बोलायचे तर भाऊसाहेबांची राज्यपातळीवरची कारकीर्द. आज तिच्याचविषयी बोलावेसे वाटते, कारण आपल्याला त्या कारकिर्दीकडून शिकण्यासारखे अजून बरेच उरले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले पापळ हे भाऊसाहेबांचे गाव. २७ डिसेंबर १८९८चा जन्म. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख. पापळच्या शाळेत तिसरीपुढे वर्ग नव्हता. पोरगा तिसरी पास झाला, पण चौथीच नाही म्हटल्यावर करणार काय? त्याला पुन्हा तिसरीतच बसवले. मग पुढल्या शिकण्यासाठी त्याला आमच्या चांदूर रेल्वेला धाडण्यात आले. प्राथमिक शाळा इथे संपली, मग कारंजा लाड, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० साली थेट विलायत.

हा प्रवास आपण सहज एका दमात सांगून टाकतो. पण त्यातल्या एकेका मुक्कामाचा हिशेब करून पाहा. आठ-नऊ वर्षांचे पोर घर सोडून परगावी राहते. त्याच्या जेवणाची, अंथरुणाची, आजारपणाची सोय कोणीतरी पाहावी लागते. शामरावांकडे जमीन होती म्हणून हे जमले. मुलाच्या विलायतेतल्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले, जमीन अडकवली. पापळात त्या वर्षी तिसरी पास झालेली आणखीही पोरे असतीलच. त्यांच्या बापांकडे गहाण टाकायला काही नव्हते. ती पोरे तिसरी शिकून ढोरांमागे गेली. त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. पंजाबरावांचे पुढचे सारे आयुष्य या न शिकलेल्या सवंगड्यांचे देणे फेडण्यात गेले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

विलायतेत त्यांनी एडिंबरोला एम. ए. केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. वेदांवर प्रबंध लिहिणारा हा कुणबी शेतकऱ्याचा मुलगा १९२६ साली अमरावतीला परतला. त्या काळी बॅरिस्टर म्हणजे काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगूनही कळायचे नाही. अमरावतीत वकिली करून, बंगला बांधून, संध्याकाळी क्लबात टेनिस खेळून आयुष्य सुखात काढता आले असते. तसे काढणारेही होतेच.

भाऊसाहेबांनी पहिल्या दोन वर्षांत काय केले पाहा. खेड्यातून शिकायला येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांसाठी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. शेतकरी संघ उभा केला आणि ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र सुरू केले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली जी चळवळ झाली तिच्या पुढाकारात ते होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. आणि त्याच महिन्यात भाऊसाहेबांनी मुंबईच्या वैद्य घराण्यातल्या विमलाबाईंशी जातीबाहेरचा विवाह केला. मंदिराच्या पायरीवर एक बोलायचे आणि घराच्या उंबरठ्यावर दुसरे, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या, हेही आपल्या भाषणांतून क्वचितच ऐकू येते.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेची ही आजी म्हणायची. हाती सत्ता बेताची: गावच्या शाळा, रस्ते, विहिरी, दवाखाने. पैसा त्याहून बेताचा. या तुटपुंज्या पदावर बसून त्यांनी दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि प्राथमिक शिक्षण वाढावे म्हणून शिक्षणासाठीचा कर वाढवला.

दुसऱ्या गोष्टीपाशी मला थोडे थांबायचे आहे. कर वाढवला! ज्यांच्या मतांवर निवडून आलो त्यांच्याच खिशात हात घातला. तेव्हा मत देण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. जो सारा भरतो, कर भरतो त्यालाच मत. म्हणजे ज्यांना हा वाढीव कर बोचणार, तेच नेमके मतदार. आणि ज्यांच्या पोरांसाठी शाळा निघणार, त्यांतल्या पुष्कळांना मतच नव्हते. राजकारणाचे साधे गणित मांडले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. तरीही तो केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी याच माणसाला लोकांनी प्रांताच्या कायदेमंडळात पाठवले. आमच्या लहानपणी घरी येणारे एक म्हातारे शेतकरी यावर बोलताना म्हणत, ‘भाऊसायबानं मांगतलं तं लोकायनं देल्लं, बाप्पा. कावून का कशासाठी मांगते हे ठावं होतं.’ कशासाठी मागतो हे ठाऊक असले की माणसे देतात. देण्याघेण्याचा हा विश्वास ही त्या काळची खरी पुंजी होती.

१९३०ची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि जयंतीच्या भाषणात ती बहुधा टाळली जाते ती त्यामुळेच. त्या वर्षी देशभर कायदेभंगाची चळवळ पेटली होती. अकोल्याकडे दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले जात होते. पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलैला जंगल सत्याग्रह सुरू करून स्वतःला अटक करवून घेतली होती. काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला होता. अशा वेळी भाऊसाहेब कायदेमंडळात गेले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार, लोककर्म अशी खाती त्यांच्याकडे आली. गावोगावची पोरे तुरुंगात असताना तुम्ही गव्हर्नरच्या सरकारात बसता, हा आक्षेप तेव्हा घेतला जाणे साहजिक होते. तो खोटा होता असेही मी म्हणणार नाही.

शिवाय त्या मंत्रिपदाची गंमत अशी की, ते पुरते मंत्रिपदही नव्हते. १९१९च्या कायद्याने प्रांताचा कारभार दोन भागांत वाटला होता. शिक्षण, शेती, सहकार ही सोपीव खाती हिंदी मंत्र्यांकडे. पोलीस, महसूल आणि तिजोरी ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. वऱ्हाडची स्थिती तर आणखी चमत्कारिक. १८५३पासून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात, १९०२ साली निजामाने तो कायमच्या पट्ट्याने दिलेला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडलेला. पण कागदोपत्री मालक निजामच. त्यामुळे वऱ्हाडातून निवडून आलेल्या सदस्याला गव्हर्नर पुन्हा रीतसर ‘नेमत’ असे! लोकांनी निवडायचे आणि साहेबाने नेमायचे. त्यात जगभरची मंदी. कापसाचे भाव कोसळलेले, आणि वऱ्हाडाचे सारे जगणे कापसावर. सावकाराचे व्याज मात्र मंदी मानीत नाही.

अशा खुर्चीवर बसून माणूस काय करू शकतो? पुष्कळांनी काहीच केले नाही. भाऊसाहेबांनी जे केले त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली कर्जाची. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १९३३ साली, मध्यप्रांताचा कर्जलवाद कायदा झाला. त्यामागे त्यांचा आग्रह होता, हे त्यांच्या चरित्रांतून नोंदलेले आहे. कायद्याची कल्पना साधी होती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने लवाद मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने सावकाराला आणि कुळाला समोरासमोर बसवायचे, कागद काढायला लावायचे, मुद्दल किती, व्याज किती, आजवर फेडले किती ते पाहायचे, आणि शेतकऱ्याला झेपेल अशी रक्कम तडजोडीने ठरवून हप्ते पाडून द्यायचे. वाजवी तडजोड धुडकावणाऱ्या सावकाराला पुढे कोर्टात त्याची किंमत मोजावी लागेल, अशीही तजवीज होती. या कायद्याने सगळे शेतकरी कर्जातून सुटले असे नाही. पण एक मोठी गोष्ट झाली. सावकाराच्या ओट्यावर खाली मान घालून उभा राहणारा माणूस पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसला आणि ‘तुमचा कागद दाखवा’ असे म्हणू शकला.

दुसरी गोष्ट देवस्थानांची. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचे विधेयक मांडले. देवळांकडे पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या संपत्तीवर समाजाची देखरेख असावी आणि तिचा काही वाटा शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाकडे वळावा, हा त्यामागचा विचार. वेदांतल्या धर्मावर प्रबंध लिहिलेल्या माणसाने हे मांडावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. देव त्यांनी नाकारला नव्हता. देवाच्या नावाने बंद झालेली पेटी त्यांना उघडायची होती. त्यावरून वादळ उठले, आणि ते उठणारच होते. आज इतक्या वर्षांनी एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या दानपेटीचा प्रश्न निघाला की काय होते ते आपण पाहतोच. १९३२ साली ते बोलण्याची छाती किती लोकांकडे असेल?

१९३३ साली मंत्रिपद संपले. आपल्याकडे पद गेलेला माणूस दोनच गोष्टी करताना दिसतो. एक तर तो रुसून बसतो, नाही तर दुसऱ्या पदासाठी दुसऱ्या दारात उभा राहतो. भाऊसाहेबांच्या हाती यापेक्षा मोठे काम आधीच होते. १९३२ साली, मंत्री असतानाच, त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापली होती. सरकारी शिक्षणखाते हाती असलेला माणूस स्वतः लोकवर्गणीतून संस्था काढतो, याचा अर्थ काय? मला दिसतो तो असा की, त्या खात्याची ताकद किती तोकडी आहे हे त्याने आत बसून पाहिले होते. तिजोरीची किल्ली मिळण्याची वाट पाहायची तर आणखी एक पिढी तिसरीतच बसणार. तेव्हा लोकांकडेच जायचे. मूठ मूठ धान्य गोळा करायचे, हंगामाला कापसातले थोडे मागायचे, त्यावर वसतिगृह चालवायचे. त्या रोपट्याचे पुढे काय झाले ते वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. शाळा, कॉलेजे, शेतकी, विज्ञान, पुढे १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय. मंत्रिपद तीन वर्षांचे, संस्था नव्वदी उलटून उभी आहे.

माझे वडील अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. रविवारी भाजी निवडायची पाळी मुलांचीच असे, आणि बाजूला बसलेला मुलगा कोणत्या जातीचा हे पहिल्या आठवड्यानंतर लक्षातही राहत नसे, असे ते सांगत. परत गावी आले की मात्र पुन्हा लक्षात आणून दिले जाई. ते सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली येई. त्यांच्या आधी आमच्या घराण्यात सही करणारे कोणी नव्हते. आजोबांच्या अंगठ्याचे निळे ठसे असलेले कागद अजून आमच्या पेटीत आहेत.

आता कोणी म्हणेल, आबाजी, तुम्ही देव्हारा सजवीत बसलात. तर तसेही नको. भाऊसाहेबांच्या कामाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. शेतकऱ्याचा मुलगा शिकला, पण शिकला तो मास्तर झाला, कारकून झाला, वकील झाला, अमरावती-नागपूर-पुण्याला गेला. शेतात राहिला तो नापास झालेला भाऊ. शिक्षणाने घर वर आले, शेती मात्र खालीच राहिली. भाऊसाहेबांना हे नको होते. शेतीचे शिक्षण आणि शेतकऱ्याची संघटना यांचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. दिल्लीत असताना १९५५ साली भारत कृषक समाज काढला, भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार केला, १९५९च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. त्यांचे देहावसान १० एप्रिल १९६५ला झाले, आणि १९६९ साली अकोल्याला निघालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. एवढे सगळे झाले. तरीही त्यांच्याच वऱ्हाडातला कापूसवाला शेतकरी गेल्या तीस वर्षांत गळफास घेतो आहे, विषाची बाटली तोंडाला लावतो आहे. २००६ साली पंतप्रधान स्वतः विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. २००८ साली देशाची कर्जमाफी झाली, २०१७ आणि २०१९ साली राज्याची झाली.

कर्जमाफी वाईट असे म्हणण्याइतका मी पोट भरलेला माणूस नाही. बुडणाऱ्याला दोर टाकावाच लागतो. पण १९३३च्या त्या कायद्याशी तुलना केली की एक फरक डोळ्यांत भरतो. तिथे शेतकऱ्याला समोर बसवून त्याचा हिशेब त्याच्याबरोबर केला जात होता. इथे हिशेब वर कुठेतरी होतो आणि खाली यादी लागते. यादीत नाव आहे की नाही ते पाहायला माणूस रांगेत उभा राहतो. त्याची मान पुन्हा खालीच. आणि गावातल्या खासगी सावकाराचे, कृषी केंद्राच्या उधारीचे देणे तर कुठल्याच यादीत येत नाही.

शाळांचेही तेच. २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला होता. त्यामागचा युक्तिवाद मला कळतो. पाच पोरे, एक मास्तर, चार इयत्ता एकाच खोलीत, याला शिक्षण म्हणायचे का? मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचे मैदान असेल, सोबतीला मुले असतील. पण ‘मुलांना गाडीने नेऊ’ असे म्हणताना पावसाळ्यातल्या नाल्याचा आणि दहा वर्षांच्या मुलीच्या आईचा विचार कोणी केला आहे का? शाळा दूर गेली की सर्वांत आधी घरी बसते ती पोरगी. पापळच्या त्या मुलाला चौथीसाठी गाव सोडावे लागले, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. चौथी पुन्हा दूर नेण्याआधी आपण दहा वेळा विचार करायला नको का?

आमच्या तालुक्यातले राजकारण मी गेली चाळीस वर्षे कट्ट्यावर बसून पाहतो आहे. २००९ पासून तर विधानसभेच्या यादीतून ‘चांदूर’ हे मतदारसंघाचे नावही गेले. आता तो धामणगाव रेल्वे म्हणून ओळखला जातो. निवडणुका आल्या की प्रत्येक पक्षाचा माणूस दारी येतो आणि काय काय देणार ते सांगतो. हे देऊ, ते फुकट देऊ, अमुक माफ करू. आम्हीही त्याला तेच विचारतो, ‘आमच्या गल्लीसाठी काय?’ यात फक्त पुढाऱ्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. मागणाऱ्या पुढाऱ्याला आपण मत देत नाही, म्हणून देणारेच तेवढे उरले. ‘मी तुमच्याकडून एवढा कर घेईन आणि त्यातून तुमच्या शेजारच्या वस्तीत शाळा काढीन’ असे म्हणणारा उमेदवार आज चांदुरात उभा राहिला तर त्याची अनामत राहील का? १९२८ साली राहिली होती, एवढेच नव्हे तर तो पुढे मंत्री झाला.

राज्यातले राजकारण हे दिल्लीच्या जिन्याची खालची पायरी आहे, असा आपला एक समज आहे. मला उलट वाटते. विहीर, शाळा, कर्ज आणि देऊळ, माणसाचे रोजचे जगणे या चार गोष्टींभोवती फिरते, आणि या चारही गोष्टी जिल्ह्यात आणि प्रांतात ठरतात. भाऊसाहेबांनी पाच वर्षांत चारही गोष्टींना हात घातला. काहींत यश आले, काहींत नाही. पुढे ते दिल्लीला गेले, घटना समितीत बसले, जगातल्या बड्या लोकांना भेटले. पण पापळच्या घराघरातून पोचले ते त्या पाच वर्षांमुळे आणि त्यातून निघालेल्या शाळांमुळे.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा हार येतील, ध्वनिक्षेपक येईल, सत्कार होतील. होऊ द्यावेत. माझी विनंती एवढीच की, त्या दिवशी आपापल्या गावच्या शाळेत एक चक्कर मारावी. पट किती आहे, मास्तर किती आहेत, मुलींसाठी संडास आहे का, चौथी-पाचवीनंतर पोरे कुठे जातात, कशी जातात, एवढे विचारावे. आणि जमले तर काही देऊन यावे. पैसे नसले तर आठवड्यातला एक तास.

नातीचे भाषण झाले. तिला बक्षीस मिळाले नाही, आणि त्याबद्दल ती दोन दिवस माझ्यावर रुसली, कारण शेवटच्या क्षणी तिने मॅडमचे पहिले वाक्य बदलले होते. माईकसमोर उभी राहून ती म्हणाली होती, ‘भाऊसाहेबांच्या गावच्या शाळेत चौथीचा वर्ग नव्हता, म्हणून ते आपल्या गावात शिकायला आले होते.’ शेवटच्या रांगेत बसलेली पोरे, जी तोवर एकमेकांना कोपरखळ्या मारीत होती, ती म्हणे एकदम वर पाहू लागली.